कॉटेजचं बारसं

“काय गं पोरी, जेवलीस का?”

समुद्राच्या तळातून यावा तसा तो आवाज यायचा. आधी खरखर, मग एक लांब श्वास, मग हे वाक्य. मिलवॉकीच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळा फोन होता. त्याची वेटोळ्यांची वायर ओढत छोटी इला टेबलाखाली जाऊन बसायची आणि नागपूरच्या आत्याला सांगायची, “हो, जेवले.” पलीकडून पुन्हा तो श्वास. “शहाणी गं माझी बाय. आता अनीशला दे फोन.”

अनीशला दे. तिथंच इलाच्या मनात कुसळ रुतलं. धाकट्या भावाला आत्या ‘अनीश’ म्हणायची, आणि तेही कसं, तोंडात गुळाचा खडा धरून म्हणावं तसं. इलाला मात्र पोरी, बाय, माय, बयो, चिमणे. सगळं गोडच होतं, पण त्यात इला कुठं नव्हती. दिवाळ्या झाल्या, वाढदिवस झाले, पिवळा फोन जाऊन खिशातले फोन आले, आत्याचा चेहरा पडद्यावर दिसायला लागला, त्या चेहऱ्याभोवतीचे केस कापसासारखे झाले. नाव काही आलं नाही. घरात दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. ज्याचं नाव राहून जातं, त्यालाच ते ऐकू येतं.

आणि आता आत्या स्वतः येणार होती. अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि तिच्या गुडघ्यांचं म्हणणं ऐकलं तर शेवटचंच. इलानं मनाशी पक्कं केलं. या उन्हाळ्यात आत्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं. एकदा. मग ती रागावून का म्हणेना.

इला राहायची विस्कॉन्सिनच्या डोर काउंटीत. मिशिगन सरोवरात एक चिंचोळी जमीन शिरली आहे, पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुलीसारखी; तीच ही काउंटी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सरोवर, मधे चेरीच्या बागा. हिवाळ्यात इथं बर्फ पडतो, रस्ते ओस पडतात आणि कुंभार, चित्रकार, विणकर आपापल्या शेगडीपाशी काम करत बसतात. उन्हाळा आला की शिकागोकडच्या गाड्या रांगेनं येतात, छपरांवर सायकली आणि होड्या बांधून. मग जुन्या गोठ्यांच्या आर्ट गॅलऱ्या उघडतात, झाडाझाडाखाली कुणीतरी पाण्याचं चित्र काढत बसलेलं असतं, आणि प्रत्येक कॉटेजच्या खिडकीत दिवा लागतो.

इथल्या प्रत्येक कॉटेजला नाव असतं. नंबर असतो तो अग्निशमनवाल्यांसाठी. माणसं म्हणतात, “यंदा आम्ही ‘सँडपायपर’मध्ये उतरलोय,” किंवा “‘थर्ड सिस्टर’मध्ये रात्रभर बेडूक ओरडतात.” रस्त्याकडेला देवदाराच्या लाकडाच्या पाट्या लागलेल्या असतात, आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या रंगवल्या होत्या एकाच बाईनं. वर्नानं. वर्ना इलाची शेजारीण; वय ऐंशीच्या घरात, हात अजून रेषेसारखा सरळ, आणि जीभ हाताहून सरळ.

कॉलेजात असताना इला एका उन्हाळ्यापुरती इथं मातीकाम शिकायला आली, आणि चाक जे फिरायला लागलं ते थांबलंच नाही. पुढं तिनं एक जुना गोठा घेतला, त्यात भट्टी लावली. गोठ्यामागं पडकं कॉटेज होतं, ते गोठ्याच्या शेपटीसारखं सोबत आलं. त्याचं छप्पर बाबांनी बसवलं. मनोहर, म्हणजे बाबा, मिलवॉकीच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात हातोडी घेऊन इथं हजर. वसंतभर ते छपरावर होते आणि आई, प्रीता, खाली उभी राहून “अहो, उतरा आता” म्हणत होती. आता सगळं झालं होतं. पडदे लागले, पलंग आले, शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. राहिलं होतं फक्त नाव.

वर्ना पाटी घेऊन आली. घासून गुळगुळीत केलेली, कडेनं निळी रेघ, वर साखळीसाठी दोन भोकं. “रंग कालवून ठेवलाय,” ती म्हणाली. “बिननावाच्या घरात पाहुणे येतात, पण परत येत नाहीत. परत यायला काहीतरी म्हणता यावं लागतं.”

“लेक व्ह्यू,” बाबा लगेच म्हणाले.

“अहो, लेक दिसतो कुठं? समोर झाड आहे.”

“झाडाच्या मागं लेकच आहे ना?”

अनीशनं रेडमंडहून फोनवर चाळीस नावं पाठवली. त्यातलं एक होतं ‘द मनोहर’. आई म्हणाली, “हे नाव दिलं तर यांना घरी नेणं मुश्कील होईल.” पाटी कोरीच राहिली.

आत्या आली ती हे सगळं चालू असताना. सुनेत्राआत्या. नागपूरला प्रतापनगरात बालवाडी चालवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि त्या भागातल्या निम्म्या पोरांची आत्या. कुणाच्या घरी बाळ झालं, आणि बाळाला सख्खी आत्या नसली, किंवा असून ऐनवेळी दुबईत असली, की सुनेत्राबाईंना बोलावणं जायचं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सुनेत्राबाई नाव सांगायच्या, पाळणाही स्वतः रचून म्हणायच्या, प्रत्येक बाळाचा वेगळा.

गाडीतून उतरून तिनं आधी सरोवराकडं पाहिलं. मग इलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“किती वाळलीस गं पोरी!”

‘सुरुवात झाली,’ इलानं मनात म्हटलं.

मग इलाचे डाव सुरू झाले. पहिल्याच सकाळी तिनं आत्याला रस्त्यावरच्या आपल्या दुकानाच्या पाटीपुढं नेलं. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘इला पॉटरी’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. “वाच ना आत्या, कशी वाटते?”

“पॉटरी,” आत्यानं वाचलं. “छान. रंग जरा आणखी चढा हवा होता.”

दुसरा डाव गिऱ्हाइकांसमोर. दुकानात आलेल्या बायकांना इला म्हणाली, “ही माझी आत्या, सुनेत्रा.” आणि आत्याकडं वळून, “आणि आत्या, तू सांग यांना मी कोण.”

आत्यानं बालवाडीतल्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत सांगितलं, “शी इज माय ब्रदर्स डॉटर. व्हेरी गुड गर्ल. मेक्स पॉट्स. डजंट ईट.”

बायका खूश झाल्या, एकीनं दोन मग घेतले. इला मात्र हरली.

आत्याला मात्र गाव आवडलं होतं. सकाळी पांढरे बूट आणि सुती साडी घालून ती रस्त्यानं चालत जायची आणि प्रत्येक कॉटेजपुढं थांबून नाव वाचायची. फिश बॉइल, म्हणजे उघड्यावर मोठ्या हंड्यात मासे उकडायचा इथला कार्यक्रम, बघायला नेलं तेव्हा ज्वाळा उसळून हंडा उतू गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तशी ती म्हणाली, “बाप्पा! ही तर होळी. फक्त बोंब मारायची राहिली.” तिनं नुसते बटाटे खाल्ले आणि ते फार चवदार असल्याचं हंडेवाल्याला जाऊन सांगितलं.

अशाच एका सकाळी तिनं वर्नाला विचारलं, “वर्नाबाई, इतक्या घरांची नावं. बारशी कुणी केली यांची?”

बारसं म्हणजे काय, हे वर्नाला समजावून द्यायला इला मधे पडली. पाळणा, कानात सांगणं, नाव सांगत असताना बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालणं, आणि मग वाटल्या जाणाऱ्या घुगऱ्या. वर्ना धपाट्यांपाशीच अडकली.

“म्हणजे नाव सांगणाऱ्या बाईला मारायचं? आणि तिनं ऐकून घ्यायचं?”

“मान असतो तो,” आत्या म्हणाली.

वर्नानं हातातला ब्रश खाली ठेवला. “शुक्रवारी दुपारी,” तिनं जाहीर केलं. “मी सगळ्यांना सांगते.”

सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत पोस्टातली बाई, काच फुंकणारं जोडपं, चेरीच्या बागेतली मालकीण, सगळ्यांना कळलं होतं की इलाच्या कॉटेजचं भारतीय पद्धतीनं नाव ठेवणार आहेत आणि येताना प्रत्येकानं एकेक चेरी-पाय भाजून आणायचा आहे.

“पण कॉटेज इलाचं,” आईनं शंका काढली. “मग त्याची आत्या कोण? इलाला कुठं नणंद आहे?”

“छप्पर कुणी घातलं?” बाबा म्हणाले. “मी. म्हणजे बाप मी. आणि माझी बहीण ही. झाली आत्या.”

आत्या हसली नाही. ती कोऱ्या पाटीकडं बघत होती. “मी?” ती म्हणाली. “बघू.”

गुरुवारी सकाळी इला आणि आई ओट्यावर चेऱ्या साफ करत बसल्या होत्या. आंबट चेऱ्या, टोपलीभर. आत्यानं साखरांबा करायचं ठरवलं होतं आणि बिया काढायची युक्तीही तिचीच. केसांचा आकडा देठाच्या जागी खुपसायचा, एक हिसका, बी बाहेर. आईचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

“आई, मी झाले तेव्हा माझं बारसं झालं होतं?”

“इथं कुठलं गं? हॉस्पिटलातून सोडायच्या आधीच नाव पाहिजे म्हणाले. आम्हाला ते माहीतच नव्हतं! आपल्याकडं बारा दिवस बाळ नुसतं बाळ असतं. नागपूरला फोन शेजाऱ्यांकडं, लाइन काही लागेना. बाहेर गाडी उभी, बाबांच्या हातात तुझं गाठोडं, नर्स म्हणते नाव सांगा. आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि इला म्हणून टाकलं. माझ्या मनात होतंच ते.” आईनं एक बी लांब भिरकावली. “अनीशच्या वेळी बाबा शहाणे झाले. आधीच विचारून ठेवलं ताईंना. अनीश हे त्यांनीच दिलेलं.”

“आणि माझं नाव कळल्यावर आत्या काय म्हणाली?”

“‘छान आहे हो.’ एवढंच. मी दुसऱ्या फोनवर ऐकत होते.” आईचा आकडा जरा थांबला. “त्याच्या आधी थांबल्या होत्या मात्र. मला वाटलं, लाइनच गेली.”

इलाला वाटलं, झालं, कळलं. मानाचा प्रश्न. आत्याला विचारलं नाही म्हणून आत्या रुसली, आणि तो रुसवा आपल्या नावावर बसून राहिला. आपण ज्या फोनवर बोललोही नव्हतो त्या फोनचा.

दुपारी आत्या गोठ्यात आली तेव्हा इला नुकतेच भट्टीतून काढलेले वाडगे पुसत होती. प्रत्येक वाडग्याच्या बुडाशी तिचा शिक्का असायचा, देवनागरीत दोन अक्षरं. आत्यानं एक उचलून उलटा केला. तिचा अंगठा त्या अक्षरांवरून सावकाश फिरला, लेकराच्या कपाळावरून फिरावा तसा.

“छान उमटलंय हो,” ती म्हणाली.

“काय उमटलंय?”

“शिक्का.”

“वाच ना, आत्या.”

“चष्मा नाही आणला.”

“आत्या, चष्मा नाकावर आहे तुझ्या!”

वाडगा आत्याच्या हातात तसाच राहिला. इलाचा आवाज चढला, आणि चढल्यावर तिला कळलं की तो लहान मुलीचा आहे, टेबलाखाली बसलेल्या. “अनीशला अनीश म्हणतेस. वर्नाला वर्नाबाई. मन्या, प्रीता, सगळ्यांची नावं येतात तुला. मलाच का नाही गं? मी काय केलं? आय वॉज अ बेबी! नाव आवडत नाही तर सांग तसं. पण घे तरी.”

आत्यानं वाडगा फडताळावर ठेवला, उलटा नाही, सुलटा. “नाव आवडतं मला,” ती हळू म्हणाली. आणि पांढरे बूट टकटक वाजवत गोठ्याबाहेर गेली.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं भावाला सांगितलं, “मन्या, मला नाही जमायचं ते आज. नाव तुम्हीच ठेवा.”

“ताई! अगं बाया पाय घेऊन निघाल्या असतील!”

“खातील की मग पाय. नाव ठेवायला मी कशाला?” आणि ती दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर जाऊन बसली. बाबांनी इलाकडं पाहिलं, इलानं खाली. काल आपणच हे करून ठेवलं, असं तिला वाटत होतं. आई घुगऱ्यांचे हरभरे उकडत होती. तिनं एक ग्लास चहा भरला आणि इलाच्या हातात दिला. “जा. काही बोलू नकोस. चहा दे फक्त.”

पाणी त्या दिवशी इतकं निवांत होतं की होड्यांच्या सावल्या होड्यांपेक्षा स्पष्ट दिसत होत्या. इलानं चहा दिला आणि शेजारी बसली. मग राहवेना.

“आत्या, सॉरी. काल मी ओरडले.”

“ओरडलीस तेच बरं केलंस.”

“नाव नको असेल द्यायला तर नको. पण मग मी कुणाचंच देणार नाही. बाबांचं लेक व्ह्यू नको, अनीशची चाळीस नकोत. मी पाटी कोरीच लावीन. लोक विचारतील, मी सांगेन, नाव यायचंय. आत्याकडून यायचंय. उशीर लागला तर लागू दे. थांबता येतं मला.” ती हसली. “आय हॅव प्रॅक्टिस.”

आत्यानं वळून तिच्याकडं पाहिलं. चहाचा ग्लास तोंडापाशी नेलेला तसाच राहिला. जणू एखाद्या ओळखीच्या घराचं दार आजवर ती बाहेरून बघत होती आणि आज ते आतून उघडलं.

“कोरी लावशील?”

“हो.”

“लोक हसतील.”

“हसू देत.”

आत्यानं चहा संपवला. ग्लास दगडावर पालथा घातला, मग हात पुढं केला. “उठव मला. गुडघे बसले. आणि झुला बांधायला सांग मन्याला, पाळणा कुठाय तुमच्याकडं?”

दुपारी दोन देवदारांच्या मधे बाबांनी झुला बांधला. आत्यानं पेटीतून आपली मऊ झालेली जुनी सुती साडी काढली, कोऱ्या पाटीला तिच्यात गुंडाळलं, अगदी बाळंत्यात बाळ गुंडाळावं तसं, निळी रेघ तेवढी कपाळासारखी बाहेर. आईनं पाटीला कुंकू लावलं. अंगणात मोडक्या खुर्च्या, नव्या खुर्च्या, ओंडके मांडले होते आणि लांब टेबलावर चेरीचे पाय ओळीनं ठेवले होते, त्यांच्या मधोमध घुगऱ्यांचं पातेलं. अनीश रेडमंडहून फोनच्या पडद्यावर हजर होता. त्याला एका मगला टेकवून उभा केला होता.

“मला झाडच दिसतंय फक्त,” तो ओरडला.

“लेक व्ह्यू आहे तो,” आई म्हणाली.

काच फुंकणाऱ्या जोडप्यातला नवरा विचारत होता, “बाळ कोण आहे नक्की? घर की पाटी?” वर्नानं त्याला गप्प केलं. ती पहिल्या रांगेत बाह्या सरसावून बसली होती.

आत्या झुल्यापाशी आली. सगळे उठून उभे राहिले, का ते न कळताही. तिनं झुल्याची दोरी हातात घेतली, वाकली, पाटीच्या वरच्या भोकाशी तोंड नेलं. “हा कान,” तिनं इंग्रजीत सांगितलं. मग त्या कानात तिनं लांबलचक ‘कुर्रर्र’ केलं, आणि त्याच क्षणी वर्नाचा पहिला धपाटा पडला.

“अगं माय!” आत्या कळवळली. “वर्नाबाई, मान द्यायचा असतो, फरशी फोडायची नसते!”

पण तोवर पोस्टातली बाई, बागेची मालकीण, आई, सगळ्याजणी धावल्या होत्या. धपाट्यांच्या त्या पावसात आत्या वाकून काहीतरी पुटपुटली. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ती सरळ झाली तेव्हा अंबाडा सुटला होता, चष्मा तिरका झाला होता, आणि ती हसत होती.

“काय? काय नाव?” सगळ्या भाषांमध्ये सगळे विचारत होते.

“आधी पाळणा,” आत्या म्हणाली. आणि दोरी हलवत तिनं सुरुवात केली. आवाज म्हातारा होता, कडेला थोडा झिजलेला, पण चाल घट्ट. समोर जमलेल्यांपैकी तिघांनाच शब्द कळत होते, आणि चौथा मगला टेकलेला होता. तरी कुणी हललं नाही.

सात समुद्रांच्या पार, माझ्या भावाचं अंगण,
तिथं रांगेल चांदणं, त्याला वाळ्याचं रिंगण.

बाबांनी मान वर केली.

दोरी लांबच लांब गं, हात आत्याचा पुरेना,
वाऱ्या, तूच दे रे झोका, मन माझं गं ऱ्हाईना.

वारा खरंच होता. झुला आत्याच्या हातापेक्षा किंचित जास्तच हलत होता. इलाच्या लक्षात आलं की हे कॉटेजसाठी रचलेलं नाही. हे कालचं नाही, परवाचं नाही. हे गाणं जपून ठेवलेल्या, कधीच न नेसलेल्या रेशमासारखं होतं, घड्यांच्या जागी मऊ.

पाय टेकेल ती जिथं, माती होईल हिरवी,
माझ्या भावाच्या लेकीचं नाव ठेविलं गं उर्वी.

आत्यानं दोरी सोडली. झुला आपोआप दोनदा हलला आणि थांबला.

“ताई,” बाबा म्हणाले. “हे कधी केलंस तू?”

“ही पोटात होती तेव्हा. मुलगीच होणार, मला ठाऊक होतं. रोज एकेक ओळ लावायची. शाळेतल्या पोरांकडून पाठ करून घेतला होता, तालात बसतो का बघायला.”

“आणि मी फोन केला तेव्हा...”

“तेव्हा तू इतक्या आनंदात सांगितलंस रे मन्या. नाव ठेवून झालेलं. ठेवलेल्या नावावर कुणी दुसरं ठेवतं का? मी म्हटलं, छान आहे हो. खोटं नव्हतं ते. छानच आहे.”

आई पदरानं डोळे पुसत हसली. “ताई, अहो, दोन्हीचा अर्थ एकच. भुई.”

“ते काय मला माहीत नाही?” आत्या फणकारली. “तेवढ्यासाठीच तर तुमच्यावर रागावता आलं नाही मला कधी.”

वर्नाला राहवेना. “कुणीतरी मला इंग्रजीत सांगेल का आपण का रडतोय?”

इला तिला सांगणार होती, पण तिला आधी स्वतःला सांगायचं होतं. ती झुल्याच्या पलीकडं उभी होती. मधे साडीत गुंडाळलेली पाटी. “म्हणून मला हाक मारत नव्हतीस?”

आत्यानं पाटी उचलून कडेवर घेतली. सवयीनं तिच्या पाठीवर थोपटलं. “तुझ्या नावाशी माझं भांडण नव्हतं गं. पण तुला त्या नावानं एकदा हाक मारली असती, की तीच तू झाली असतीस. मग ही उर्वी कुठं गेली असती? हिला घर नव्हतं, दार नव्हतं. माझ्याकडंच राहिली इतकी वर्षं, कुणाला न सांगता. किती बारशी झाली प्रतापनगरात, किती जणांनी नाव मागितलं, हिला मी दिलं नाही कुणाला.” तिनं कॉटेजकडं पाहिलं. नवं छप्पर, पडदे, झाडामागचा न दिसणारा लेक. “तू म्हणालीस, कोरी लावीन, थांबेन. मग मला वाटलं, तू पण थांबलीच आहेस की गं. दोघी एकाच दारात थांबल्यात, आणि कडी माझ्या हातात.”

तिनं पाटी वर्नाकडं सोपवली. “घ्या वर्नाबाई. उर्वी. नीट काढा.”

वर्नानं पाटी मांडीवर घेतली, साडी बाजूला केली आणि ब्रश रंगात बुडवला. पोस्टातली बाई नाव म्हणून बघू लागली, मग काचवाला, मग सगळेच, हळूहळू, गरम घास तोंडात फिरवावा तसे. पडद्यातून अनीश ओरडत होता, “उर्वी? आय लाइक इट! माझ्या चाळीसांपेक्षा बरंय!”

इला अजून तिथंच उभी होती. आत्यानं अंबाडा बांधला, चष्मा सरळ केला, आणि भाचीकडं पाहिलं. तोच लांब श्वास, टेबलाखाली ऐकलेला. या खेपेला त्यात खरखर नव्हती.

“इला,” ती म्हणाली.

मग जरा थांबून, चव लागते का बघत, पुन्हा. “इला. तोंड काय बघतेस, इला? घुगऱ्या वाढ सगळ्यांना. आणि तू पण खा, इला. काही खात नाहीस तू.”